समोरच्या दाराचं भाडं

४ सप्टेंबर
नऊ हजार! समोरची नर्सताई नऊ हजार देते — आणि मी बारा! तेवढ्याच दोन खोल्या, तसाच गळका नळ, खिडकीतून तीच मेली भिंत. खुर्ची परत द्यायला आली होती, सहज बोलून गेली. माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, कुणाला सांगू नकोस हं. माझ्या बाबांचं आजारपण चाललंय, म्हणून मालकांचं भाडं वाढवायचं राहिलंय." मी कशाला सांगतेय!
पण तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, त्या घरमालकावर. मला काय म्हणाला होता? "ताई, तुम्ही एकट्या, म्हणून कमीच लावलंय." कमी!

५ सप्टेंबर
झोप नाही. मेला गोडबोल्या.

७ सप्टेंबर
आज माझ्याकडे गाडी शिकायला वकीलबाई होत्या. चढावर तीनदा गाडी बंद पाडली, ब्रेक माझ्याही पायाखाली असतो म्हणून वाचलो. मागे हॉर्नचा नुसता कल्ला! तेवढ्यात विचारून घेतलं.
म्हणाल्या, "शेजारणीइतकंच भाडं घ्या असं नाही सांगता येत. ज्याचा त्याचा करार. तुमचा संपत आलाय ना? मग आसपासचे भाव काढा, नळाची दुरुस्ती मागा, शांतपणे बोला. नाहीच ऐकलं तर दुसरं घर. आणि शेजारणीचं नाव काढू नका — नाहक तिला भोवेल."
शांतपणे म्हणे! मी!

१२ सप्टेंबर
मागच्या गल्लीत दोन घरं पाहिली. दहा आणि साडेदहा. आता बघतेच त्याला.

१४ सप्टेंबर
गेले. शप्पथ, शांतपणेच सुरुवात केली. भाव सांगितले, नळाचं सांगितलं. तो पेपरमधून डोकं वर काढायला तयार नाही. वर म्हणतो, "ताई, या इमारतीत सगळ्यांना एकच भाडं. मी दुजाभाव करत नाही."
तोंडावर खोटं! धडधडीत!
"समोरची नऊ देते, ते काय मग?"
निघून गेलं तोंडातून. त्याने पेपरची घडी घातली, बाजूला ठेवली. "असं का? बघतो."
बघ की! मी काय खोटं बोलले? माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं?

१५ सप्टेंबर
जिन्यात नर्सताई भेटली. घाईत आहे म्हणून सटकले.

२८ सप्टेंबर
मालकाचा फोन. अकरा! बाराचे अकरा केले! दादाला लगेच कळवलं. तो म्हणाला, "तुझ्या तोंडाला घाबरला असेल." घाबरायलाच हवा! तरी नऊ का नाही? चिकट मेला. पुढच्या वेळी सोडत नाही.

१ ऑक्टोबर
नर्सताईचं भाडं अकरा केलंय. तिला परवडत नाही, रविवारी घर शोधायला निघालीय. मघाशी दारात येऊन म्हणाली, "तू येशील का गं बरोबर? मला मेलीला भांडता येत नाही."