शारदाचा पिवळा रुमाल

इंदूर, दि. ४ मे

ति. सौ. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि. की तुझी धाकटी बहीण सध्या जळून कोळसा होते आहे, आणि त्याला एकटं ऊन कारण नाही.

फोनवर हे सांगता येत नाही. तुझं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझी सून आधी वाचते. म्हणून आपलं पोस्ट. महूला बस तासाभरात पोचते आणि पत्राला चार दिवस लागतात, पण तोवर माझा राग शिळा होईल असं समजू नकोस.

तर आमच्या कंपनीनं एक सेफ्टी ऑफिसर आणली आहे. क्षितिजा. नागपूरची, वय सत्तावीस. बायपासच्या डिव्हायडरवरची झाडं लावायची न् जगवायची, बावीस बायकांची मुकादमी मी अठरा वर्षं करते आहे. कधी एकीला काही झालं नाही. आता ही येऊन सांगते की पद्धत बदलू या. काम सकाळी सहाला सुरू, बारा ते चार बंद. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान असो नसो. हिरव्या जाळीचा मांडव. दोघी-दोघींच्या जोड्या, एकीनं दुसरीवर लक्ष ठेवायचं. आणि पिवळा रुमाल! जी नवी असेल, किंवा आठवड्यापेक्षा जास्त सुट्टी घेऊन आली असेल, तिच्या दंडाला तो बांधायचा. जुनी बाई असेल तर पहिल्या दिवशी उन्हात निम्मंच काम, मग वाढवत वाढवत चौथ्या दिवशी पूर्ण. म्हणे सुट्टीत अंगाची उन्हाची सवय मोडते. अगं, माझ्या बायका उन्हात जन्मल्या, उन्हात बाळंत झाल्या. त्यांची कसली सवय मोडते?

बरं, रुमालाचंही जाऊ दे. मला झोंबतंय ते वेगळंच. एके दिवशी तिनं बायकांना विचारलं की तुम्ही पाणी का पीत नाही. तर त्या म्हणाल्या, रस्त्यावर आडोसा नाही, जायचं कुठे? आठ दिवसांत तिनं चाकांचं शौचालय आणून उभं केलं. अठरा वर्षं मी त्याच रस्त्यावर पाणी न पिता उभी आहे, मला हे सुचलं नाही, आणि हिला अठरा दिवसांत सुचलं. आता सांग, माणसाचा दिमाग खराब होणार नाही?

मला बायका बाईजी म्हणतात आणि तिला दीदी. आमची शारदा तुला आठवत असेल, माझ्याकडची सगळ्यात जुनी. दरवर्षी कैरीचं लोणचं घातलं की पहिली बरणी मला आणते. या वर्षी पहिली दीदीला गेली, मला दुसरी. चव तीच आहे गं, पण घास उतरत नाही. शारदा सध्या लेकीच्या लग्नासाठी गावी गेली आहे. मला मात्र अजून ती बरणीच दिसते.

भावजींना नमस्कार. तुझी माया आहे तेवढी मलाच राहू दे, तीही कुणा दीदीला वाटू नकोस.
तुझी,
शुभदा


महू, दि. ९ मे

चि. सौ. शुभदास,
अ. उ. आ. आणि वर वाटीभर ताक, कारण तुझं डोकं तापलेलं दिसतंय.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसले. याला मत्सर म्हणतात बाई, जळफळाट. त्रेपन्नाव्या वर्षी सत्तावीस वर्षांच्या पोरीवर करतेस, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. शौचालयाची गोष्ट वाचून मात्र मी त्या पोरीला मनातल्या मनात शाबासकी दिली. रागाव खुशाल.

नागपूरकरांना ऊन शिकवायला जाऊ नकोस. ते लोक उन्हाळ्याशी आपल्यापेक्षा फार जास्त भांडलेले असतात. तुला भांडायचंच असेल तर लोणच्यावरून भांड. रुमालावरून नको. लोणच्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

इकडे सगळे ठीक. मशीनची बॅटरी बदलली, शिट्टी तीच आहे. तुला टोपी घालायची सवय नाही, निदान पदर तरी डोक्यावर घे.
तुझं नाक शाबूत राहो, ही इच्छा.
अक्का


इंदूर, दि. १६ मे

ति. सौ. अक्का,
आज मायना लांबवत नाही, तेवढं चालवून घे.

शारदा हॉस्पिटलात आहे. वाचेल म्हणतात. चूक माझी आहे, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मंगळवारी ती परत आली. लेकीला सासरी पाठवून, एकोणीस दिवसांनी. हाताला अजून लग्नाची हळद होती. क्षितिजानं सकाळी तिच्या दंडाला पिवळा रुमाल बांधला, नऊनंतर मांडवात बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरायला सांगितलं आणि टँकर बघायला पुढच्या चौकात गेली. मला तो रुमाल बघवेना. माझी शारदा, वीस खड्डे खणून दुसरीला मदत करणारी, आणि तिला नवशिक्यांच्या रांगेत बसवतात! मी म्हटलं, हळदीनं एवढी पिवळी झालीस, आणखी पिवळं काय करायचं? आणि मी स्वतः गाठ सोडली. बाकीच्या बायका पुढे पाइप ओढत होत्या, कुणी बघितलं नाही. रुमाल माझ्या पर्समध्ये घातला. शारदा हसली. मला किती बरं वाटलं सांगू! वाटलं, आली, परत माझ्याकडे आली.

नऊ वाजले, मी तिला मांडवात पाठवलं नाही. खड्डे खणायला लावले. सव्वाअकराला ती कुदळ टाकून माझ्याकडे आली आणि विचारायला लागली की वरातीची माणसं कुठे बसवू, जागा पुरत नाही. मला सुमी सुमी म्हणायला लागली. सुमी तिची लेक. अक्का, मला वाटलं हिचा जीव लेकीत अडकलाय. आपल्याकडे पोरगी सासरी गेली की आया अशाच बरळतात ना चार दिवस? तू नाही का, तुझी अमिता सासरी गेल्यावर तिचं ताट वाढत होतीस? मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत बसले, म्हटलं रड, मोकळी हो. तीही मला बिलगली. आणि खोटं कशाला लिहू, त्या क्षणी माझ्या मनात आलं की बघ, दुःखात ही दीदीकडे गेली नाही, माझ्याकडेच आली.

दहा मिनिटं मी अशी बसले. पूर्णिमा तिची जोडीदारीण, तिनं हात लावून बघितला आणि ओरडली की अंग तव्यासारखं तापलंय. क्षितिजा धावत आली. तिनं मला बाजूला ढकललं, सच्ची, ढकललं. शारदाला सावलीत आडवं केलं, झाडांचा पाइप आणून डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडलं, ओल्या साड्यांनी वारा घालायला बायका लावल्या, काखेत बर्फ ठेवला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी थांबू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. ऊन डोक्यात गेलं की माणूस असंबद्ध बोलतो, हे त्या पोरीनं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी तेव्हा मुद्दाम मोबाइल बघत बसले होते.

आता पुढचं ऐक. चौकशी लागली. क्षितिजानं लिहून दिलं की रुमाल नीट बांधला गेला नसावा, गळून पडला असावा, आणि नऊ वाजता पुन्हा येऊन बघायची जबाबदारी तिची होती. तिला काढणार अशी कुजबुज आहे. शारदाला त्या दिवशीचं काही आठवत नाही. रुमाल माझ्या पर्समध्ये आहे. मी गप्प राहिले तर ती नागपूरला परत जाईल आणि बायका परत माझ्या होतील. बघ, मी काय लिहिते आहे. हे लिहिणाऱ्या बाईची मला भीती वाटते.

लवकर उत्तर दे. या वेळी चार दिवस फार होतील.
शुभदा


महू, दि. २० मे

शुभे,
आशीर्वाद नेहमीचेच, शब्द आज कमी आहेत. हे पत्र तुझ्या भावजींच्या हाती बसनं पाठवते आहे.

तुला एक सांगायचं राहून गेलंय. त्रेपन्न वर्षं राहिलंय. तू तीन महिन्यांची होतीस, मी सात वर्षांची. आईनं तुला पाळण्यात निजवून गच्चीवर सावलीत ठेवलं आणि मला सांगितलं की ऊन सरकलं की हाक मार. चैत्रातली दुपार होती. ऊन सरकलं. तुझ्या पायावर आलं, मग पोटावर आलं. मी जिन्यात बसून बघत होते. तू आल्यापासून आई मला मांडीवर घेत नव्हती, एवढंच कारण होतं. तू रडून रडून गप्प झालीस तेव्हा मी घाबरून हाक मारली. तुला तीन दिवस ताप होता. आई सगळ्यांना सांगायची की पोर लहान, विसरली. मी विसरले नव्हते.

आई जाईपर्यंत मी तिला हे सांगितलं नाही. तिनं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच फार जड झालं. तुझे सगळे लाड मी का केले, हे आता तुला कळलं असेल.

तू त्या गच्चीवर राहू नकोस. पर्स रिकामी कर.
तुझी गुन्हेगार बहीण,
अंबिका


इंदूर, दि. ९ जून

ति. सौ. अक्काच्या पायांशी,
शि. सा. न., आणि त्यातच एक चिमटा.

आधी गच्चीचं. तुला लगेच माफ करणार नाही. म्हणजे केलंय, पण तू थोडे दिवस जळ. मी एकटीनंच का जळायचं? माझे लाड मात्र चालू राहू देत.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी कंपनीच्या तुकोगंजच्या ऑफिसात गेले आणि चौकशी करणाऱ्या श्रीहरी साहेबांच्या टेबलावर रुमाल ठेवला. सगळं सांगितलं. दहा मिनिटांचंसुद्धा. क्षितिजा तिथेच बसली होती, रडायला लागली. तुला वाटेल मला पश्चात्ताप झाला म्हणून गेले. तो होताच गं, जेवण जात नव्हतं. पण खरं लिहू? जिना चढताना डोक्यात एकच होतं की माझा गुन्हासुद्धा तिनं आपल्या नावावर करून घ्यावा? बायका नेल्या, पहिली बरणी नेली, आता हेही तिचंच मोठेपण? हा तरी माझा आहे, मी देणार नाही. असं मनात घेऊनच खरं बोलले. देवाला चालेल का ठाऊक नाही.

तिची नोकरी राहिली. मला पंधरा दिवस घरी बसवलं आणि मुकादमी काढून घेतली. ती आता पूर्णिमाकडे आहे. मी तिच्या हाताखाली, बाकीच्या बायकांसारखी कुदळ घेऊन. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाठ इतकी दुखली की लाजेला जागाच उरली नाही. आणि दर वीस मिनिटांनी पाणी पिते. चाकांच्या शौचालयातही जाते, बिनतक्रार.

शारदा बरी आहे. डॉक्टरांनी हा पूर्ण उन्हाळा ऊन बंद केलंय, म्हणून ती मांडवात बसून पिशव्या भरते. रुमालांचा डबा तिच्याकडे दिलाय. सकाळी कुणाला बांधायचा ते क्षितिजा सांगते आणि शारदा बांधते. मी हॉस्पिटलात दोनदा गेले होते, तिच्या पायांना हात लावला होता, पण तेव्हा ती डोळे मिटून पडली होती.

गेल्या गुरुवारी मी कामावर परत आले. पंधरा दिवसांची सुट्टी झालेली, म्हणजे कायद्यानं मी पिवळी. क्षितिजानं माझं नाव घेताना खाली बघितलं. मी जाऊन शारदासमोर दंड पुढे केला. तिनं डब्यातून रुमाल काढला आणि अशी गाठ मारली की हात दुखला. मग तिच्या हिंदीत, सगळ्या बायकांसमोर, शांतपणे म्हणाली की आता तिला ते सगळं आठवतं. त्या दिवशी आपला रुमाल सुटतोय हे तिला कळत होतं, निम्मं काम करायचं हेही माहीत होतं. पण सोडणारी मी होते, म्हणून तिनं हात पुढे केला.

अक्का, अठरा वर्षं मला वाटायचं की ही पहिली बरणी कुणाला देते यावरून कळतं, ही कुणाची. चार दिवस तो रुमाल माझ्या दंडावर होता. चारही दिवस मी गाठीला हात लावला नाही, अंघोळीलासुद्धा. पाचव्या दिवशी शारदानंच ती सोडली.

लोभ असाच ठेव. पहिला नसला तरी चालेल, दुसराही मी आता खाते.
तुझी,
शुभदा