आरएनएचा चुरा

२८ सप्टें. ६४
मुंबईहून गाइडचं पत्र. माझा आरएनए दुसऱ्यांदा चुरा होऊन पोचला. आणखी एकदा झालं तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. बरं! स्वतः थंडगार खोलीत बसतात, आणि मी इथे नंदुरबारात ताडीच्या यीस्टमधून आरएनए काढून थर्मासात बर्फ कोंबून रेल्वेनं धाडतो.

५ ऑक्टो.
प्राचार्यांनी विचारलं, "तुमचं ते एन्झाइम कपाशीला घालतात का?" शुंभ! पेशी आधी आरएनए बनवते, मग हे एन्झाइम त्यावर जागोजागी मिथिल चिकटवतं. ते चिकटलंच नाही तर जीनचा निरोप प्रथिनापर्यंत धड पोचतो का, एवढाच माझा प्रश्न. गावात हा प्रश्न पडलेला मी एकटा. बाकीच्यांना कपाशीचा भाव.

१४ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी लॅब उघडली तर तराजूवर कुंकू, फ्रिजला झेंडूची माळ, सेंट्रिफ्यूजपुढे नारळ! शिपाई देवराम हात जोडून उभा. मी ओरडलो. म्हणे, "पूजा नही करी तर तराजू रुसस, सर." बी.एस्सी.च्या लॅबमध्ये हे. फ्रिजमध्ये माझ्या नळ्या होत्या. कपाळ माझं.

१६ ऑक्टो.
नळ्या रवाना.

२६ ऑक्टो.
तार. तिसऱ्यांदा चुरा.
देवरामच! आणखी कोण? फ्रिज उघडून नळ्यांनाही हळद-कुंकू लावलं असणार. तो म्हणतो, "नळ्यासले हात नही लावा मी. तराजूले फूल वाहं, बस." खोटारडा. लेखी तक्रार दिली, सही ठोकून. गाइडलाही तसंच कळवलं.

२९ ऑक्टो.
देवराम निलंबित. अकरा वर्षांची नोकरी, असं हेडक्लार्क मुद्दाम मला ऐकवून गेला. ऐकवू दे.

२ नोव्हें.
गाइडचं उत्तर. शिपायाचा दोष असेल तर आणखी एक संधी देतील. सुटलो! दिवाळी गोड.

९ नोव्हें.
सुट्टी संपली. पुण्याहून मित्रानं जुन्या नियतकालिकांचा गठ्ठा पाठवला होता, तो आज सोडला. एका शोधनिबंधात चार ओळी. माणसाच्या बोटांच्या घामात आरएनए कापणारं एन्झाइम असतं. उघड्या बोटाचा स्पर्शही पुरतो.
मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हलवतो. प्रत्येक नळी. तिन्ही वेळा. या खेपेच्या नळ्या वर मेण लावून बंद केल्या त्या बारा तारखेला, पूजेच्या दोन दिवस आधी. मेण फोडलं ते थेट मुंबईत. देवरामनं कुंकवात बुडवल्या असत्या तरी आत काही गेलं नसतं.
आणि मी एन्झाइमचा अभ्यासक म्हणे. डोंबल!

११ नोव्हें.
प्राचार्यांकडे गेलो. तक्रार मागे घेतो म्हटलं. ते हसले. "संस्थेकडे गेली, जोशी. आता देवराम निर्दोष म्हणजे तुम्ही खोटे. तसं लिहून देता?" हा माणूस मला मूर्ख वाटायचा.
लिहून दिलं तर गाइडला कळणार. मग चौथी संधी गेली. सहा वर्षं गेली.

१५ नोव्हें., रविवार
अर्ज लिहिला. 'दोष माझ्या हातांचा' असं स्पष्ट. खिशात घालून देवरामच्या घरी गेलो. उद्या संस्थेची बैठक आहे, त्यात देवरामच्या नोकरीचा निकाल.
तो अंगणात शेंगा फोडत होता. मला बघून धडपडत उठला, खाट झटकली. बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं हात जोडले. "चूक व्हयनी मन्ही, सर. मी पूजा कराले नको व्हती. तुमनं इतलं मोठं काम मन्हामुळे बिघडनं."
त्याला आता ते खरंच वाटतं. मीच पटवून दिलंय.
मी म्हणालो, "असू दे, देवराम."
असू दे! एवढंच सुचलं मला. चहा प्यालो, त्यानं दुसरा कप दिला तोही प्यालो. अर्ज अजून खिशात आहे. बैठक सकाळी अकराला.