एका बाहीचा अंगरखा

कडूस,
१४ जानेवारी १९७४

चि. ज्ञानदेव यास कस्तुराताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

शेजारचे दत्तोबा शनिवारी कांदा घेऊन चाकणच्या बाजारात जात आहेत. पुढे ते लेकीकडे पिंपरीला जातील आणि तुझ्या आकुर्डीच्या खोलीवर एक गाठोडे पोचते करतील. त्यात आईचे हिरवे इरकल लुगडे आहे. कारण लिहायला लाज वाटते, पण आई गेल्यावर तुझ्याशिवाय मला कोण आहे? मला दिवस गेले आहेत, तिसरा सरत आला. मागे दोनदा राहून गेले, म्हणून सासूबाईंखेरीज कुणाला बोलले नाही.

आई जाताना म्हणाली होती, कस्तुराच्या बाळाची कुंची माझ्या लुगड्याची करा आणि ती ज्ञानूने शिवावी. तू पुरुष असून सुईदोरा घेऊन बसतोस म्हणून ती तुला चिडवायची, पण तू उठलास की कापड उलटे करून तुझा टाका बघायची. मात्र सातवा पुरा होईपर्यंत कात्री लावू नकोस, आपल्यात आधी शिवत नाहीत. घरात ठेवले तर मीच रोज काढून बघत बसेन, म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. पदराजवळ तुळशीच्या दिव्याने जळाले होते तिथे आईचे पिवळ्या दोऱ्याचे रफू आहे. ते दत्तोबांनाही दाखवून ठेवले, म्हणजे गाठोडे जपून नेतील.

सौ. केसरला आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कस्तुराताई


आकुर्डी,
१८ मे १९७४

तीर्थस्वरूप कस्तुराताईस ज्ञानदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कार्ड मिळाले. सातवा सुखरूप पुरा झाला हे वाचून केसरने देवापुढे साखर ठेवली. मी या दिवसांत पत्र लिहिले नाही ही माझी चूक. सेकंड शिफ्ट, वर ओव्हरटाइम, आणि उरलेल्या वेळात माझे वेड. कंपनीतले आम्ही पाचजण शिवजयंतीला चाकणच्या मिरवणुकीत जुन्या पोशाखात चाललो. पाचही पोशाख मी शिवलेले. मी सरदार होतो. लोक विचारत होते की हा अंगरखा कुठल्या संस्थानातून आणला. तुझा भाऊ त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

आता तू विचारलेस त्याविषयी. ताई, ते गाठोडे मला मिळालेच नाही. दत्तोबा म्हातारे झाले, बाजारच्या गर्दीत कुठे राहून गेले असेल. त्यांना फार बोलू नका. कुंचीसाठी मी इथून चांगले कापड आणतो.

तब्येतीला जप. तुमचा लोभ आहे, तसाच असू द्यावा.

तुझा,
ज्ञानदेव


कडूस,
९ जून १९७४

चि. ज्ञानदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू बोलू नका म्हणालास, पण गोष्ट झाकून राहिली नाही. गाठोडे तुझ्या हातात दिले असे दत्तोबांनी मला जानेवारीतच सांगितले होते. म्हणजे ते खोटे बोलले. मी एकदाच विचारले, की दत्तोबा, ज्ञानू न्हाई म्हणतोय. ते खाली बघत राहिले आणि काही न बोलता गेले. सासूबाई सुभद्राबाई कशा आहेत तुला माहीत आहे. लुगडे दत्तोबांनीच लांबवले असे त्यांनी पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी आपल्या बायकोच्या ट्रंकेतले कोरे लुगडे आणून आमच्या ओसरीवर ठेवले आणि बाळाची कुंची याची करा म्हणाले. झाले, चोरी पटली असे सगळे म्हणू लागले. मी लुगडे परत धाडले. गावात कुणाचे औषध, कुणाची चिठ्ठी, लेकीबाळींचे डबे, सगळे दत्तोबांच्या गाडीतून जायचे. आता कुणी काही देत नाही. शनिवारी गाडी नुसता कांदा घेऊन जाते. मला त्यांच्याकडे बघवत नाही, आणि आईचे लुगडे आठवले की रागही येतो.

पाय सुजले आहेत, बाकी ठीक. पत्र पाठवत जा.

तुझी,
कस्तुराताई


आकुर्डी,
१६ जून १९७४

तीर्थस्वरूप ताईस शि. सा. न.

गाठोडे मला मिळाले होते. दत्तोबांनी ते माझ्या हातात दिले, तांब्याभर पाणी प्यायले, ओल लागू देऊ नको म्हणाले आणि गेले.

मिरवणूक जवळ आली तरी सरदाराचे कापड मिळेना. गिरणीचे कापड घातले की सरदार बँडवाला दिसतो. ट्रंकेत आईचे इरकल होते. रोज काढून खांद्यावर टाकायचो आणि परत घडी करायचो. केसरने एकदा हातातून कात्री काढून घेतली. मी तिला म्हणालो, कुंचीला लागते केवढे, तेवढे ठेवतो. मग घेराला कमी पडले, बाह्यांना कमी पडले, आणि शेवटी बोटभर पट्ट्या उरल्या. मिरवणुकीत लोक वाहवा करत होते तेव्हा मला तुझी आठवणसुद्धा आली नाही.

पण खरे कारण अजून लिहिले नाही. कात्री लावताना माझ्या मनात आले, की दोनदा राहिले नाही, या वेळी तरी राहते आहे का. ताई, आपल्या बहिणीच्या पोटातल्या जिवाबद्दल मी असे मनात आणले, आणि कापड कापले. मग तुझे कार्ड आले, सातवा पुरा झाल्याचे. केसर साखर ठेवत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. त्याच दिवशी ते खोटे पत्र लिहिले. वाटले, म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा म्हणून सुटून जाईल. त्यांच्या अब्रूचा मी विचारच केला नाही.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. लोभ ठेव असे लिहायला हात धजत नाही.

ज्ञानदेव


कडूस,
१३ जुलै १९७४

चि. ज्ञानदेव यास आशीर्वाद.

परवा पहाटे मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप आहोत. नाक आईचे आहे.

तुझे पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवले. तुझ्या मनात जे आले ते माझ्याही मनात रोज येत होते, म्हणून त्याची शिक्षा मी तुला देणार नाही. मग पोट सावरत दत्तोबांकडे गेले आणि पाया पडले. ते म्हणाले, मला ठाऊक हाय. शिवजयंतीला ते कांदा घेऊन चाकणातच होते. तू त्यांच्या गाडीजवळून गेलास आणि पिवळे रफू तुझ्या छातीवर होते. मी विचारले, मग बोलला का नाही. म्हणाले, आई गेलेल्या पोरीला भाऊ एवढंच माहेर असतं, ते माझ्या तोंडानं कशाला तोडू. आणि कोरे लुगडे का आणले, तर कुंचीवाचून लेकरू राहू नये म्हणून. ज्ञानू, आम्ही ते लुगडे तोंडावर फेकल्यासारखे परत केले रे.

सासूबाईंनी माफी मागितली, पण घरात. पाणवठ्यावर बोललेले घरात मिटत नाही. म्हणून मी सांगते ते कर. बावीस तारखेला बारसे आहे. अंगरख्याची एक बाही उसव आणि तिची कुंची शिव. उरलेला अंगरखा तसाच अंगात घालून ये. दत्तोबा तुला एस.टी.च्या थांब्यावर भेटतील. तिथून आपल्या दारापर्यंत त्यांच्या गाडीत त्यांच्याशेजारी बस, म्हणजे लुगडे कुठे गेले ते गाव आपल्या डोळ्यांनी बघेल.

वाट बघते.

कस्तुराताई


आकुर्डी,
१८ जुलै १९७४

तीर्थस्वरूप ताईस शि. सा. न. वि. वि.

भाचीला मामाचा आशीर्वाद. डावी बाही उसवली. ती आणि उरलेल्या पट्ट्या जोडून कुंची झाली आहे. केसर म्हणते, आईने उलटी करून बघितली असती तरी खोड निघाली नसती. पण मी शिवताना चारदा सुई खाली ठेवली.

अंगरखा घालून येतो. केसर म्हणाली, उसवलेल्या खांद्याला निदान दुमड घाल, सुते लोंबतात. मी घातली नाही. रफू छातीवर तसेच आहे. पगडी आणत नाही, दत्तोबांच्या शेजारी उघड्या डोक्यानेच बसेन. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघतो, म्हणजे गावात पोचेन तेव्हा बायका पाणवठ्यावर असतील.

लोभ ठेव, हे आज लिहितो.

तुझा,
ज्ञानू