उंटावर कविता होत नाही

४ सप्टेंबर, सोमवार
दुष्काळ समितीचा अध्यक्ष म्हणून आज विहिरीपाशी अर्धा तास बोललो. गायी अंगाने भरलेल्या आहेत तोवर मार्साबिटच्या बाजारात द्या, उंट घ्या. पाऊस आता पूर्वीचा राहिला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बत्तीस वर्षांची मास्तरकी वाया गेली नाही. माझ्या चौदा गायी पुढच्या सोमवारी नेणार. निश्चय पक्का.

११ सप्टेंबर, सोमवार
नेल्या नाहीत. करडी गाय वाटेत मागे वळून पाहत होती, परत फिरलो.

१९ सप्टेंबर
शेजारच्या जार्सोने सगळ्या गायी देऊन चार उंट आणले. लोंबता ओठ, कुचकट नजर! आम्हा बोरानांकडे गायीवर लग्नात गाणी, बारशात गाणी. उंटावर कविता होत नाही. जार्सो म्हणाला, मास्तर, तुमच्याच भाषणानं डोळे उघडले बघा. बरं वाटलं.

३ ऑक्टोबर
भाकीत सांगणाऱ्या दिदाने बकरं कापून आतडी पाहिली. म्हणे पाऊस नाही. रेडिओही तेच म्हणतो. या दोघांचं एरवी कधी जमत नाही. म्हणजे कुठेतरी घोळ आहे. मिशनच्या शाळेत चौथीला कुणा इंग्रज साहेबाची पावसाची कविता होती. टेकडीवर ढग, भिजलेल्या मेंढ्या. तशीच टेकडी समोर आहे. बायकोला, दार्मीला, म्हणून दाखवली. ती म्हणते, पडला असेल त्या साहेबाच्या गावात. आणि माहेरच्या तीन गायी देऊन सांडणी घेऊन आली. मला न विचारता.

२ नोव्हेंबर
ढग आले. गेले. अकरा गायी उरल्या, त्या शेवटी बाजारात नेल्या. व्यापारी म्हणाला, मास्तर, नुसती कातडी आणायची, पायपीट वाचली असती. असल्या माणसाला गाय द्यायची? परत आणल्या. दोन वाटेतच बसल्या, उठल्याच नाहीत.

२१ नोव्हेंबर
करडी पहाटे उठत नाही. शेपटीला मी, शिंगांना दार्मी, पोटाखाली काठी घालून जार्सो आणि त्याचा भाऊ. एकदा उभी केली की चालते. तंत्र जमलं आहे. समितीत शिकवीन.

३० नोव्हेंबर
आता पाच उचलाव्या लागतात. तळहात सोलले. छपराचं गवत काढून त्यांना घातलं. घरात पडल्या पडल्या आभाळ दिसतं. निरभ्र.

८ डिसेंबर
दोन उरल्या. मी मास्तर झालो तेव्हा वडिलांनी कालवड दिली होती. करडी तिची पाचवी पिढी. देवा, एवढी राहू दे. बाकी काही मागत नाही.

१४ डिसेंबर, पहाट
काठी घेऊन बाहेर आलो. जार्सो आणि त्याचा भाऊ रोजच्यासारखे येऊन उभे होते. उचलायला एकही गाय उरली नव्हती. करडी काल संध्याकाळीच गेली. मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. जार्सो म्हणाला, आणा ती काठी इकडं, बसा जरा.

दार्मीने चहा दिला, सांडणीच्या दुधाचा. खारट लागतो. म्हणाली, हिच्यावरही चार ओळी करा की, मास्तर.

एकही सुचली नाही. आणखी एक पेला मागितला.