दुपारी दोन ते तीन : विश्रांती

मयूर विहार, दिल्ली
९ फेब्रुवारी २०१६

प्रिय वीणा,

'चि. सौ. वीणा हिस अनेक आशीर्वाद' असं लिहायला हात शिवशिवत होते, पण तसं लिहिलं की आपण लग्नपत्रिकेत छापले गेलोय असं वाटतं, असं तू एकदा म्हणाली होतीस, म्हणून आवरलं. आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी नागपूरची बढती घेतली तर दोन वर्षं अहिल्याला सांभाळाल ना? तुम्ही हो म्हणालात तरच मी हो कळवीन." मी म्हटलं, पत्र लिहितो. तू हसलीस. घरात तीन मोबाइल असताना सासरा पत्र कसलं लिहितोय, असंच वाटलं असणार. पण जन्मभर इथल्या केंद्राच्या मंत्रालयात फायली चालवलेल्या माणसाला महत्त्वाचं काही तोंडी सांगवत नाही. शिवाय फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मी लगेच तुझं म्हणणं मान्य करून मोकळा होतो. तुला पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय हे लक्षात आहे. स्पीड पोस्टने हे तीन दिवसांत तुझ्या आईकडे, तू तिथे असतानाच, पोचेल. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी निघाली का तेही कळव.

आधी माझ्या तब्येतीचं, कारण तू पहिल्यांदा तेच शोधशील. उत्तम आहे. पेसमेकर बसवून साडेतीन महिने झाले. खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा आहे, अहिल्या येताजाता त्याच्याकडे बघून 'हॅलो जी' म्हणते. हृदयाचा ताल अजूनही मधूनच बिघडतो. तो सुरळीत ठेवणं पेसमेकरचं काम नाही, त्याचं काम फक्त ठोका थांबू न देणं, असं डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं आणि मी तुला सहा वेळा. बिघडला की छातीत कुणीतरी पायऱ्या चुकवत घाईघाईने जिना उतरतंय असं वाटतं. पूर्वी मी घाबरून आडवा व्हायचो. आता खुर्चीत बसतो, पाणी पितो आणि शब्दकोडं पुढे नेतो. कधी तासाभरात निवळतं, कधी दिवसभर चालतं, आणि मी संध्याकाळी तसाच हळूहळू फिरून येतो. डोळ्यांपुढे अंधारी यायची ती मात्र साफ गेली. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे दाढीला कापलं की थांबता थांबत नाही, म्हणून चिरंजीव उल्हासने विजेचा रेझर आणून दिलाय. त्याने दाढी होते की नुसता आवाज होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

संक्रांतीला मराठी मंडळाच्या बसने पानिपतला जाऊन आलो, ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. इतकी वर्षं मी आपली गाडी घेऊन बसच्या पुढे पळायचो, आणि काला अंबच्या स्मारकापाशी सगळ्यांच्या आधी पोचून घड्याळ दाखवायचो. यंदा पहिल्यांदा खिडकीशी बसून गेलो. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, नजर पोचेल तिथवर पिवळंधमक. वीस वर्षं त्या रस्त्याने गेलो आणि ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी समोरचा ट्रक बघत होतो. तिथे नमस्कार केला, तिळगूळ वाटला, येताना बसमध्ये अर्धा तास गाढ झोपलो. असं वय झालं तर काही तक्रार नाही, असं त्या दिवशी मनापासून वाटलं.

आता ऑक्टोबरकडे येतो. बाथरूममध्ये मी पडलो, तुम्ही दोघांनी मला डॉक्टरांकडे नेलं, आणि त्यांनी छातीला तारा चिकटवून ठोके टिपणारा तो चोवीस तासांचा डबा गळ्यात अडकवला. परत येताना तू माझ्याकडून वचन घेतलंस की रिपोर्ट येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मी ते दिलं. सिस्टरने एक कागद देऊन सांगितलं होतं, "अंकलजी, जो भी करोगे, टाइम के साथ लिख देना. डॉक्टर साहब मिलाकर देखेंगे." हे आपण कुणाला सांगतोय याची त्या बिचारीला कल्पना नव्हती. तिचा कागद मला अपुरा वाटला. मी फुलस्केप काढला आणि फूटपट्टीने चार रकाने आखले : अनुक्रमांक, वेळ, कृती, शेरा. 'सकाळी ६.१०, चहा. ६.२५, दुसरा चहा, अर्धा कप. ७.०५, जिना, दोन मजले, मध्ये थांबलो नाही. ८.४०, उल्हासशी वाद, विषय गीझर.' तू त्या कागदाचा फोटो काढून ऑफिसात दाखवलास, आणि कोपर्निकस मार्गावरची तुमची सगळी मंडळी आठवडाभर गीझरची चौकशी करत होती. त्या कागदावर एकेचाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या चाळीस खऱ्या आहेत.

खोटी आहे ती ही : 'दुपारी दोन ते तीन, विश्रांती.' डबा बसवला त्याच दिवशीची. दीड वाजता अहिल्याच्या शाळेतून फोन आला की व्हॅन बिघडलीय, कुणीतरी न्यायला या. तू मीटिंगमध्ये होतीस, उल्हास गुडगावला. सोसायटीच्या फाटकाबाहेर दोन ऑटो उभ्या होत्या, मी त्या बघितल्या. पण किल्ली समोर खुंटीवर होती. गाडीला महिन्यापूर्वीच करोल बागेतून नवे वायपर आणून बसवले होते. आणि खरं सांगू का, मला काही झालेलं नाही हे मला माझं मलाच दाखवायचं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण तेव्हा शोभतंय की नाही हे मी बघितलंच नाही. गळ्यात डबा, वरून जाकीट, आणि मी गाडी काढली.

येताना मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मी सर्वांत पुढे उभा होतो. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अहिल्या मागच्या सीटवरून माझी बाही ओढत होती, "आबा, ग्रीन झालंय, कब का! चलो ना!" आणि मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मला वाटलं, डुलकी लागली. मग दिसलं की पाय ब्रेकवरून सुटलाय आणि गाडी आपोआप सरकत झेब्रा पट्ट्यांच्या मध्यावर आलीय. पट्ट्यांवर त्या क्षणी कुणी नव्हतं. सवयीने घड्याळ बघितलं, दोन वाजून अकरा मिनिटं. तिथून घरापर्यंत मी गाडी कशी आणली ते विचारू नकोस. खाली आल्यावर अहिल्याला चॉकोबार घेऊन दिला आणि म्हटलं, "मम्मीला नको सांगू, ती उगाच काळजी करेल." तिने करंगळीला करंगळी लावून वचन दिलं. नऊ वर्षांच्या पोरीकडून मी ते घेतलं. मग वर येऊन हात धुतले आणि फुलस्केपवर, सुवाच्य अक्षरात, विश्रांती असं लिहिलं.

रिपोर्ट घ्यायला आपण तिघं गेलो होतो. डॉक्टरांनी वेड्यावाकड्या रेषांचा कागद आपल्याकडे फिरवला, त्यात मध्येच एक सरळ रेघ होती. दोन वाजून अकरा मिनिटांनी माझं हृदय पावणेपाच सेकंद थांबलं होतं. त्यांनी माझा फुलस्केप शेजारी ठेवून वेळ जुळवली आणि म्हणाले, "अंकल सो रहे थे. नींद में किसी-किसी का रुक जाता है, इतनी चिंता की बात नहीं. तीन महीने बाद फिर देखेंगे." वर माझ्या नोंदींचं कौतुक केलं, इतका व्यवस्थित पेशंट पाहिला नाही म्हणाले. तू सुटकेचा निःश्वास टाकलास आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तेव्हा बोलायला हवं होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो.

पाच दिवस मी तसेच काढले. मी जागा होतो हे मला माहीत होतं, आणि जागेपणी थांबणारं हृदय घेऊन तुमच्यात जेवत-खात होतो. नोकरीत मी दुसऱ्यांच्या खोट्या नोंदींवर लाल शाईने शेरे मारले, लोकांना समोर उभं करून बोललो. आता माझीच मला लाज वाटत होती. सहाव्या दिवशी फिरायला जातो सांगून मेट्रोने एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आप जाग रहे थे? गाड़ी चला रहे थे? बच्ची साथ में थी?" तिन्ही प्रश्न त्यांनी वेगवेगळे विचारले आणि तिन्हींना मला हो म्हणावं लागलं. चार दिवसांत पेसमेकर बसला. तुम्हाला मी सांगितलं की डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा बघितला आणि त्यांचं मत बदललं. तू त्यांच्यासाठी पुरणपोळ्या करून नेल्यास, रिपोर्ट दोनदा बघणारा डॉक्टर हल्ली मिळतो कुठे म्हणालीस. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पोळ्यांचा डबा ठेवून घेतला.

त्यानंतर सगळं छान होत गेलं, आणि छान होत गेलं म्हणून सांगायचं राहत गेलं. जखम भरली, भूक लागायला लागली, डॉक्टरांनी महिन्यापूर्वी गाडीलाही परवानगी दिली. मी स्वतःला समजावलं की आता कशाला जुनं उकरायचं, कुणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं, ते मला गेल्या गुरुवारी कळलं. अहिल्या गणिताचा पेपर घेऊन माझ्या खोलीत आली. पंचवीसपैकी नऊ. खाली पालकांची सही हवी होती. मला म्हणाली, "आबा, तुम्ही करा ना साइन. मम्मीला नको सांगू, ती उगाच काळजी करेल." माझेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, बेटा, मम्मीला सांगायलाच हवं. ती रडली नाही, रुसलीही नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "मी पण तुमचं सांगितलं नाही ना." आणि पेपर माझ्या टेबलावर ठेवून खेळायला निघून गेली. पावणेपाच सेकंदांनी माझं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं, वीणा. त्या दिवसापासून मला धड जेवण गेलेलं नाही, आणि ह्याला हृदयाचा काही संबंध नाही, घाबरू नकोस.

काल संध्याकाळी मी तिला जवळ बसवून सांगितलं की मी मम्मीला पत्र लिहिणार आहे, त्यात माझं सगळं कबूल करणार आहे, तुझंही लिहू का. तिने बराच वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाली, "लिहा. पण आधी तुमचं." म्हणून हे पत्र, आणि ह्या क्रमाने. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे. तिला सांभाळायला मला जमेल, आणि त्याहून जास्त आवडेल. तिची वेणी मला येत नाही, बाकी सगळं येतं. गाडी चालवायची परवानगी डॉक्टरांची मिळालीय, तुझी मिळालेली नाही, तेव्हा किल्ली मी उल्हासच्या कपाटात ठेवली आहे, आणि त्यालाही आज सकाळी चहाच्या वेळी हे सगळं सांगितलं आहे. ऑफिसला जाताना तो मला नेहमीसारखं 'येतो' म्हणाला. पण हो म्हणणारा माणूस कोण आहे हे कळल्यावरच तू ठरवावंस. बढती मात्र माझ्यामुळे सोडू नकोस. माझ्यावर विश्वास टाकवत नसेल तर अहिल्याला नागपूरला घेऊन जा. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण ते तुझं बरोबर असेल आणि मी तिला तसंच सांगीन. ठेवलीस, तर ह्यापुढे ह्या घरात तुझ्यापासून लपवलेलं काही राहणार नाही, तिचंही नाही आणि माझंही नाही. पेपर सोबत पाठवतोय. त्यावर मी सही केलेली नाही. ती तुझी जागा आहे.

तुझाच,
बाबा

सोबत : एक. गणिताचा पेपर, सही बाकी.