गळती शून्य

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरलो तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. त्यातल्याच एकानं मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. नव्या प्राध्यापकानं ट्रॅक्टरवरून यावं, म्हणजे थाटच की! निवासी महाविद्यालय म्हणजे पत्र्याची शेड असेल असं वाटलं होतं, पण इमारत दगडी आहे, मध्ये चौक, चौकात लिंबं, आणि मला वरच्या मजल्यावर ऐसपैस खोली. कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे, त्यात कॉलेजचा इतिहास मी लिहायचा. प्राचार्य राजानंद सरांनी छाती फुगवून सांगितलं की इथं आलेला मुलगा शिक्षण अर्धवट टाकून कधी गेलेला नाही. गळती शून्य.

रविवारी तृप्तीचा पाचवा वाढदिवस. शनिवारी राजूरला घरी पोचायचंच. पप्पाशिवाय केक कापणार नाही, अशी धमकी लेकीनं आधीच देऊन ठेवली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेसचं जेवण झकास. असंच चाललं तर पँटी बदलाव्या लागतील. पंगतीला पोरांबरोबर पिकल्या केसांची माणसंही असतात, बरीच. माजी विद्यार्थी असावेत, सोहळ्यासाठी आलेले.

इतिहासाचा धागा सापडला. संस्थापक सर्जेरावांच्या काळात सुगीला घरी गेलेली पोरं परतायचीच नाहीत. मग सर्जेरावांच्या आईनं निघणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर दही घालायला सुरुवात केली. घरातलं माणूस गावाला निघालं की आपण घालतो तसंच, पुन्हा येणं व्हावं म्हणून. तेव्हापासून एकजात सगळे परतू लागले. मेसच्या म्हाताऱ्या दुर्गाबाई ती रीत आजही पाळतात. आज मी छपाईच्या कामाला अंकुशनगरला निघालो, तर बाई वाटी घेऊन फाटकात हजर. आईच्या वयाच्या बाईला नाही कसं म्हणणार? दही गोड होतं. हात चाटून निघालो.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोकं चालेनासं झालंय. सकाळी एसटीत बसलो. अंबड गेलं, जालना आलं. मी टक्क जागा होतो. स्टँडवर उतरलो आणि समोर कॉलेजचं फाटक.

पुन्हा फाट्यावर गेलो, दुसरी गाडी धरली. पुन्हा फाटक. दुर्गाबाईंनी हसून विचारलं, जेवायला वाढू का.

शीतलला, म्हणजे बायकोला, फोनवर सांगितलं की काम निघालं. तिला माझी थाप लगेच कळते. मागून तृप्तीचं रडणं ऐकू येत होतं.

९ नोव्हेंबर

वाढदिवस. फाटकाकडे गेलोच नाही, मागच्या उसातून पळालो. पाती तोंडावर ओरबाडत होती. ऊस संपला आणि मेसच्या मागच्या दारात उभा.

तिथं कचरू ताटं घाशीत बसले होते. पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. केस पांढरेशुभ्र. घरी का जात नाही, विचारलं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“जाता येतं सर. गाडीत बराबर बसता येतं. पोचता येत न्हाई. मी बापाच्या मातीला निघाल्तो, अजून निघूनच राह्यलो.”

एकदा दही खाल्लं की झालं, म्हणाले. मंग थुंकून काय उपयोग न्हाई.

मला भीती वाटते. साधी, लहान पोराला वाटते तशी.

१२ नोव्हेंबर

प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, रुळाल हळूहळू. तेही इथलेच विद्यार्थी —

शीतलला फोनवर बजावलं, काही झालं तरी इकडे येऊ नकोस. कारण सांगायला लागलो तर मलाच वेड्यासारखं वाटलं. तिनं एवढंच विचारलं, तिथं कोण आहे तुमच्याजवळ?

काय सांगू. काय सांगितलं असतं म्हणजे तिला पटलं असतं —

१६ नोव्हेंबर

आल्या. दोघी. मी येऊ नको म्हटलं म्हणूनच आली ती.

दाराला आतून कडी लावलीय. शीतलनं हाका मारल्या, दार बडवलं. मी तोंडात रुमाल कोंबून बसलो. भेटलो नाही तर रागानं तशीच निघून जाईल, मला शिव्या देत. जाऊ दे. घरी पोचू दे —

उतरल्या. खिडकीतून दिसतायत, फाटकात. दुर्गाबाई काहीतरी म्हणाल्या. शीतलनं झटकून नाही म्हटलं. शाबास. चल. नीघ आता —

तृप्ती थांबली. दुर्गाबाई वाटी आणायला आत गेल्यात. शीतल पाठमोरी, फोनवर. पोरगी हात पुढं करून उभी आहे. नवा फ्रॉक. वाढदिवसाचा असेल.

ओरडायला पाहिजे. ओरडलो तर हात मागं घेईल. मग शीतल तिला पुन्हा कधी इकडे आणणार नाही. पुन्हा कधीच —

नाही ओरडलो तर ती इथं — माझ्याजवळ —

काय लिहितोय मी हे —

बाई आल्या. ओरडतो. आत्ता ओरडतो. फक्त एकदा तिला डोळे भरून