अक्षतांच्या आधीची पंगत

धारूर,
दि. ५ जुलै १९९८

ती. सौ. कावेरीआक्कास,

रुद्राणीचे शरणार्थ. दाजींना आणि घरातल्या मोठ्या माणसांना नमस्कार सांग.

इकडे आम्ही खुशाल आहोत, आईची दाढ सोडून. ती दिवसभर लवंग धरून बसते आणि बोलता येत नाही म्हणून हातवाऱ्यांनी रागावते. पेरणीच्या दिवसांत आप्पांच्या कापडदुकानात चिटपाखरू फिरकत नाही. त्यामुळे ते दुपारीच घरी येतात आणि माझ्या भाजीला नावं ठेवतात.

तू दोन पत्रांत विचारलंस, लग्नाची कॅसेट उदगीरला अजून का पाठवली नाही. आधी मी लिहिलं, बंकटनं दिली नाही. मग लिहिलं, पावसात भिजेल. आता तिसरी थाप सुचत नाही आणि तुला थापा मारणं माझ्या जिवावर येतं. तर ऐक. पण हे पत्र एकटीनं वाच. तुझ्या धाकट्या दिराच्या, बसवेश्वरच्या हाती तर मुळीच पडू देऊ नको.

तुला ठाऊकच आहे, लग्नांची शूटिंग बंकटच करतो आणि गावातली केबलही त्याचीच. दर शुक्रवारी पिक्चर लावायच्या आधी तो गावातल्या लग्नांच्या कॅसेटी दाखवतो. आपली कधी लागते म्हणून आप्पाच त्याच्या मागे लागले होते. लागली तेव्हा अर्धी गल्ली आपल्या बैठकीत. तू छान दिसतेस. दाजींचा फेटा सारखा कपाळावर घसरतो, तेही दिसतं. मग अक्षता. तुझ्या मागे मी करवली, हातात कलश. मी वर बघते आणि एकदम लाजून मान खाली घालते. लगेच पडद्यावर बसवेश्वर, गालातल्या गालात हसतोय. मग परत मी, मान खालीच. मग एक लाल बदाम फुगत जातो, त्यात आम्ही दोघं, आणि मागे सिनेमाचं गाणं.

आप्पा उठून बाहेर गेले.

आक्का, तुझी शपथ, मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. तो मांडवात कुठे उभा होता हेसुद्धा मला माहीत नाही. पण हे सांगू कोणाला? सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मैत्रिणीसुद्धा म्हणतात, "अगं, पन टीव्हीत दिसलं की."

आता खरी गोष्ट. त्या दिवशी धर्मापुरीचे रेवणप्पा आपल्याच गल्लीत, त्यांच्या बहिणीकडे मुक्कामाला होते. तुझ्या लग्नाच्या आधी त्यांच्या केदारनाथशी माझी सुपारी फुटली, म्हणून तर ते तुझ्या अक्षतांना आले होते. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या तोंडून निरोप आला की दिवाळीनंतरच्या लग्नाचं तूर्त राहू द्या. सोयरीक मोडली असं म्हणाले नाहीत, पण 'राहू द्या' म्हणजे काय ते आप्पांना कळतं. तेव्हापासून ते माझ्यावर रागावत नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचं टाळतात. मला तेच सोसत नाही.

रडून झालं. आता मला वेगळंच टोचतंय. मी मान खाली का घातली होती? मला आठवतच नाही. स्वतःच्या तोंडाकडे बघते आणि ही पोरगी मनात काय म्हणत होती ते मलाच कळत नाही. शेजारच्या राधाकिशनकाकांच्या व्हीसीआरवर ती कॅसेट मी पुन्हा पुन्हा लावते. त्यात काहीतरी चुकतंय, घास चावताना खडा लागावा तसं, पण हाती येत नाही.

तुझ्या सासरी यातलं काही पोचलं असेल तर मला लगेच कळव. भीती वाटते ती त्याचीच.

तुझी,
रुद्राणी


धारूर,
दि. ९ ऑगस्ट १९९८

ती. सौ. आक्कास,

शरणार्थ. तुझं पत्र आलं तेव्हा आधी रडले आणि मग पोट धरून हसले. 'आमचा बसवेश्वर जेवणाशिवाय दुसऱ्या कशाकडे बघून हसला असेल तर मला जरूर कळव,' असं तू लिहिलंस. आक्का, खडा तिथेच होता.

मी कॅसेट परत लावली आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागे बघितलं. पत्रावळी. वाढप्याच्या हातात बुंदीची बादली. तो पंगतीत बसलेला आहे, आणि मी अक्षतांत उभी आहे. आता तूच सांग. बाकीच्यांकडे लोक आधी जेवून घेतात आणि मग अक्षता टाकतात, पण आप्पांनी हट्टानं एकालाही पानावर बसू दिलं नव्हतं. मुहूर्त टळत चालला तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर रेवणप्पांचीच होती. मग हा पठ्ठ्या एकटाच जेवत कसा होता? गल्ली, आप्पा, रेवणप्पा, मी, सगळेच त्या दिवशी उपाशी ताटकळलो होतो. तरी टीव्हीत पंगत समोर आली आणि एकालाही दिसली नाही.

तडक बंकटकडे गेले. तो म्हणाला, मी फक्त शूटिंग करतो, मिक्सिंग अंबाजोगाईला होतं. मग आईच्या दाढेचं निमित्त काढलं. दाढ खरीच काढली हो. तिथून आई गालात कापूस धरून माझ्याबरोबर मिक्सिंगवाल्या विजयमालाबाईंच्या खोलीत आली. मी जाताना भांडणाची सगळी वाक्यं पाठ केली होती, पण ती खोली बघितली आणि एकही आठवलं नाही. दोन टीव्ही, दोन व्हीसीआर, वायरींचा हा गुंता. एकावर मूळ कॅसेट चालते, दुसऱ्यावर पाहिजे तेवढंच उतरवून घ्यायचं. नको ते गाळायचं, पुढचं मागे घ्यायचं, मूळ आवाज पुसून गाणं टाकायचं. हे कसं, ते कसं, असं मी इतकं विचारलं की आईनं मला चिमटा काढला.

मग त्यांनी मूळ कॅसेट लावली. बंकटचा दिवेवाला तो मोठा हॅलोजन घेऊन थेट माझ्या तोंडापुढे येतो. मी मान खाली घालते आणि कलश सांभाळत कोपरानं डोळे पुसते. बस, एवढंच. लाजबीज काही नाही, डोळ्यांत उजेड गेला होता. ते कोपर कापलेलं होतं. आणि तुझा दीर? शेजारचे म्हातारबुवा नको नको म्हणत दोन्ही हातांनी पान झाकतायत, वाढपी त्यांच्या हातांवरच बुंदी वाढतोय, त्याला हसतोय तो.

मग आम्हाला बदामात कशाला घातलं, म्हणून विचारलं. बाई माझ्याकडे नवलानं बघत राहिल्या.

"गानं संपंना की. अक्षता संपल्या, गानं उरलं. हसरं तोंड घावलं, भरलं. तुमी कोन, त्ये कोन, मला काय ठावं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आक्का, मला राग आला, पण तो टिकला नाही. गाव माझ्याबद्दल महिनाभर जे बोललं, ते एका गाण्याची उरलेली जागा भरताना झालेलं होतं. हे कळल्यावर मला हलकं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे हे कोणाचंही होऊ शकतं.

मग मी बाईंना म्हटलं, याच कॅसेटमधून रेवणप्पांचं तोंड मला शोधून द्या. सापडलं. मान उंच करून, ओठांवरून जीभ फिरवत ते कुठेतरी बघतायत. ते तोंड आम्ही तीनदा घेतलं. एकदा त्याच्यापुढे बुंदीची बादली जोडली, एकदा मांडवाच्या दाराशी काढलेल्या नव्याकोऱ्या चपला, आणि एकदा तुझी पाठवणी, आई तुला धरून रडते ती.

धारूरला परतल्यावर बंकटनं ते बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "शुक्रवारी लावू, ताई. लई चालंल." खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. सगळं गाव रेवणप्पांना चप्पलचोर म्हणून हसतंय, असं चित्र मी मनातल्या मनात चवीनं बघून घेतलं. मग वाटलं, उद्या त्यांनाही गावभर शपथा घेत फिरावं लागेल, माझ्यासारखं. कॅसेट मी बंकटकडून काढून घेतली आणि घरी माझ्या ट्रंकेत टाकली.

बाईंकडून मागून आणलेली मूळ कॅसेट आधी आप्पांना दाखवली. हॅलोजन, कोपर, बुंदी, सगळं. ते हसायला लागले आणि मधेच थांबले. चष्मा काढून म्हणाले, "पोरी, पंगत म्याच बसू दिली न्हवती. तरी मला दिसली न्हाई." त्या दिवशी त्यांनी भाजीला नाव ठेवलं नाही. वांगी करपली होती तरी.

मागच्या रविवारी आप्पांनी रेवणप्पांना बोलावून घेतलं. ते आले, त्यांची बहीण आली, केदारनाथ आला. राधाकिशनकाकांचा व्हीसीआर घरी आणला, दार लावून घेतलं, बाहेरचं कोणी नाही. आधी मूळ कॅसेट दाखवली. रेवणप्पा म्हणाले, पंगतीचं खरं आहे, पण पोरीच्या तोंडावरची लाज दिसते त्याचं काय? मग मी माझी जोडलेली लावली. बुंदीकडे बघणारे रेवणप्पा आले तेव्हा ते स्वतःच हसले, भूक लागली होती म्हणाले. पुढे चपला आल्या. त्यांच्या बहिणीनं पदर तोंडात कोंबला. रेवणप्पांचं तोंड लालबुंद झालं.

"म्या चपलांकडं कशाला बघू? ही लबाडी हाय."

"व्हय काका," मी म्हणाले. "तोंड तुमचंच हाय, चपला बी खऱ्या हायत, तरी लबाडी हाय. माझं बी तसंच झालतं."

मग तिसरं लागलं. तेच तोंड, तीच जीभ, पण पुढे आई तुला धरून रडतेय, आणि रेवणप्पा आता रडतील असं वाटतं. त्यांनी तेवढंच परत लावायला सांगितलं. मग आप्पांना म्हणाले, दिवाळीनंतरची तिथी धरा. आप्पांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

आई म्हणते, पत्र इथे संपव, आक्काला आनंदाची बातमी कळू दे. मलाही इथेच संपवायचं होतं. म्हणूनच एवढा वेळ बुंदी आणि चपला लिहीत बसले.

चहा देताना मी केदारनाथला विचारलं. तो इतका वेळ सतरंजीचे दोरे काढत बसला होता. पंगत तुम्हाला दिसली होती का, एवढंच विचारलं. मला वाटलं, नाही म्हणेल. त्याचा चेहरा खुलला.

"पहिल्याच दिवशी. आत्याकडं मी बी हुतो ना. पत्रावळी मला लगीच दिसल्या."

"मंग बोलला न्हाईत?"

"बाबांपुढं कसं बोलनार? म्हनलं, होईल निवांत."

आक्का, तो वाईट माणूस नाही. हुशार आहे. अख्ख्या गल्लीला जे दिसलं नाही ते त्याला एका नजरेत दिसलं. ज्यांना दिसलं नाही त्यांच्यावरचा माझा राग गेला, कारण मलाही दिसलं नव्हतं. पण ज्याला दिसलं आणि जो महिनाभर गप्प राहिला, त्याच्या घरात मी कशी राहू? तिथे रोज काही ना काही घडेल. त्याला ते दिसेल, आणि तो म्हणेल, होईल निवांत.

मी नाही म्हणणार आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगेन. त्यांचा नुकता उजळलेला चेहरा परत पडणार. उद्या माझी जीभ अडखळली तर निदान हे कागदावर तरी असावं, म्हणून तुला आधी लिहिलं.

बाकी इकडे गंमत आहे. गल्लीतल्या पोरी आता टीव्हीपुढे बसल्या की विचारतात, इथं काय कापलं असंल? गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत आधीची आणि नंतरची बाई एकच आहे का, यावर काल भांडण जुंपलं. आईसुद्धा मालिकेतली सासू डोळे वटारते तेव्हा म्हणते, हिच्यापुढं खरंच सून उभी हाय का कुणाला दिसतंय? विजयमालाबाई म्हणाल्या, एवढं विचारतेस तर शिकायलाच ये. तेही आप्पांना सांगायचं आहे, पण एका दिवशी एकच.

सोबत दोन कॅसेटी पाठवते. बदामवाली मागून बघ. आधी मूळ बघ. तिच्या शेवटी तुमची गाडी निघून गेल्यावर बंकटचा कॅमेरा चुकून चालूच राहिला आहे. सगळी माणसं मांडवाकडे वळलेली आहेत आणि मी एकटीच, कलश तसाच हातात धरून, रस्त्याकडे बघत रडतेय. ते बदामवालीत नाही आणि कोणीच बघितलं नाही, कारण तोवर गाणं संपलं होतं.

आप्पा तुला पत्र टाकतील, धाकटीला चार शब्द समजावून सांग म्हणून. तेव्हा दाजी काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, याचा विचार करत बसू नको. तुला जे दिसतंय ते त्यांना लिही, आणि लगेच लिही.

तुझी, कुठेही न कापलेली,
रुद्राणी